दूधवाली सिस्टर

वॉर्डातल्या नव्या बाळंतिणी तिला 'दूधवाली सिस्टर' म्हणायच्या, आणि तिला ते आवडायचंही. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणायचं, त्याने जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत दम धरायचा, मग झटकन जवळ घ्यायचं. आणि तोवर आईच्या मनातली भीती बोलून बोलून पळवायची. यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिचं स्वतःचं लेकरू मात्र दिवसभर सासूबाईंकडे, बाटलीवर. बाळंतपणाची रजा संपली, कामावर यावं लागलं. दुपारी दूध काढून ठेवीन म्हणाली, तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हा फ्रिज लसींचा आहे बाई. आणि तू कोपऱ्यात बसलीस तर वॉर्ड काय मी एकटीने बघू?" ज्या भिंतीला टेकून त्या हे बोलल्या, तिच्यावर 'आईचं दूध, बाळाचा हक्क' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. लाज म्हणून कुणाला वाटली नाही. मग ती दूध बेसिनमध्ये पिळून टाकायची, आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून. घरी गेल्यावर तरी लेकराने माझ्याजवळ प्यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी लेकरू छातीला तोंडच लावेना. तिने वॉर्डातल्या सगळ्या युक्त्या केल्या. अंगाला अंग लावलं, कूस बदलली, ओठावर थेंब टेकवला. त्याने पाठ ताणून आकांत मांडला आणि सासूबाईंच्या हातातली बाटली दिसताच गप्प झालं.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" सासूबाई म्हणाल्या, हसतच. तिच्या ते जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या खाटेवर एक पोरगेली आई रडत होती. "बाटलीच द्या सिस्टर. त्याला मी नकोच आहे."

"आईला नको म्हणणारं बाळ अजून जन्मायचंय," ती म्हणाली आणि खाटेवर टेकली. नाक समोर, तोंड मोठं, हं, आता! बाळाने नीट धरलं, घटाघटा गिळू लागलं. पोरीचा चेहरा उजळला.

"सिस्टर, तुमचंही असंच पितं?"

"तर! लबाड, सोडतच नाही मला."

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचं बाळ रडलं आणि तिचा युनिफॉर्म छातीवर ओला झाला. टॉवेल पुढे धरून ती बेसिनकडे गेली आणि नळ सोडला.