लग्नामुळे गेलेली शाळा

लग्न ठरल्याचं अट्रॅक्टा लॅव्हिननं सांगितलं, तेव्हा फादर मोनाहननी तिचं अभिनंदन केलं आणि त्याच दमात विचारलं, "मग शाळा कधी सोडताय?"

आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातल्या त्या खेड्यातली शाळा फादरांच्या ताब्यात होती. लग्न झालेल्या बाईनं शिकवायचं नाही, हा नियम मात्र सरकारचा.

"लग्न झालं की मी पाढे विसरणार आहे का, फादर?"

"नवऱ्याचं घर सांभाळा, बाई. पाढे कोणीही शिकवेल."

आणि खरंच कोणालाही आणलं. ट्रेनिंग कॉलेजचं तोंडही न पाहिलेली एक पोर तिच्या खुर्चीत बसली. चौथीतली मुलं वाचताना अडखळू लागली. रस्त्यात आया अट्रॅक्टाला थांबवून हळहळायच्या. त्या हळहळीनं ती आणखीच भडकायची.

तिचा नवरा पॅकी गुरांचा व्यापारी. एके सकाळी तो म्हणाला, "तू घरात अशीच धुमसत राहिलीस तर छप्पर पेटेल. त्यापेक्षा निवडणुकीला उभी राहा."

ती राहिली. गुरांच्या बाजारात गाडीवर चढून बोलली. आधी परगण्याच्या काउंटी कौन्सिलवर निवडून आली, मग थेट डब्लिनच्या संसदेत पोचली. तिथे बायका मोजक्याच, त्याही बहुतेक मेलेल्या नवऱ्याच्या जागेवर आलेल्या आणि गप्प बसणाऱ्या.

"मी मेलो असतो तर तुला सोपं गेलं असतं," पॅकी म्हणाला.

शेवटी त्या नियमावर चर्चा निघाली. तिच्या पक्षाचे नेते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही बोलू नका. घरगुती गाऱ्हाणं वाटेल. आपले खासदार डॉक्टर हॅनली बोलतील."

"त्यांना लग्न झालं म्हणून कोणी दवाखान्यातून हाकललंय?"

"पक्षाची शिस्त आहे, बाई."

तरी सभागृहात ती बोलायला उठलीच. "समोर बसलेत ते बहुतेक सगळे नवरेच. लग्नानं अक्कल जात असेल, तर आधी या खुर्च्या रिकाम्या करा." हशा पिकला. तो विरेपर्यंत ती न हसता उभी राहिली, आणि मग शाळेतून काढलेल्या बायकांबद्दल बोलत राहिली.

पुढे नियम गेला. पक्षाच्या पत्रकावर फोटो झळकला डॉक्टर हॅनलींचा. अट्रॅक्टाचं तिकीट कापलं.

ती शाळेत परतली तेव्हा फादर वर्गात बसले होते. "चला, देवानं सगळं मार्गी लावलं," ते म्हणाले.

"देवाला मध्ये आणू नका, फादर. माझी एवढी वर्षं तुम्ही लोकांनी खाल्लीत. आता उठा, मला शिकवायचंय."


मुलं ऐकत होती. फादर उठले.