मायलेकरांच्या मधून

“पुढे बसलेल्यानं तोंडानं सांगायचं. हात दाखवायचा नाही. हात बघून सुकाणूवरचा माणूस भलतंच समजतो.”

वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी बोट सुटताना ताईच्या कानात हे रोज वाजायचं. आता बोट धाकटा भाऊ चालवायचा. देवमासे बघायला आलेल्यांना तो समुद्रात न्यायचा आणि ताई बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला बसून पाण्यावर नजर ठेवायची.

ताईचं रोज दुपारपर्यंत मौनव्रत असे. मौनाची वेळ जरा पुढे-मागे करता येईल का, असं भावानं एकदा भीतभीत विचारलं होतं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग दोघांनी खुणा ठरवल्या, आणि आजवर त्यावर निभावलं.

त्या सकाळी उजवीकडे मादी वर आली. पिल्लू डावीकडे मागे रेंगाळलं होतं, आणि ते भावाला दिसलंच नव्हतं. ताईनं घाईनं पिल्लाकडे हात केला. थांब, तिकडे पिल्लू आहे, असं तिला म्हणायचं होतं. त्याला वाटलं, तिकडे चल म्हणतेय. त्यानं बोट वळवली.

‘थांब’ एवढा एकच शब्द ताईच्या जिभेवर आला. तिनं ओठ घट्ट मिटले आणि हात आणखी जोरात हलवला. बोट मायलेकरांच्या मधून गेली.

मादीनं शेपटी आपटली नि ती खाली गेली, ती वर आलीच नाही. पिल्लू मात्र बोटीला लगटून येऊ लागलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. एक आजीबाई ताईचा हात धरून म्हणाल्या, तुमच्या पुण्याईनं इतक्या जवळून दर्शन घडलं. ताईला त्यांच्याकडे बघवेना.

भावानं इंजिन बंद केलं. बोट बराच वेळ नुसती डोलत राहिली. शेवटी पिल्लू वळलं आणि खडकांच्या आडोशाला एकटंच घिरट्या घालू लागलं. तेव्हा कुठे त्यानं बोट हळूच मागे घेतली.

धक्क्याला लागेपर्यंत दुपार झाली होती. लोक उतरून गेले. दोर बांधता बांधता, वर न बघता, भाऊ म्हणाला, “ताई, एक हाक मारायचीस.”

“मारायला हवी होती.”

“तुझं मौन मोडलं असतं.”

“मोडलं असतं तर मोडलं असतं. देव काही जाब विचारत नव्हता. मीच स्वतःची पाठ थोपटत बसले होते.”

त्यानं दोराची गाठ आवळली. दुपारच्या बोटी आता तिकडेच जाणार होत्या. इंजिनांचा गोंगाट झाला तर मादी पिल्लाजवळ यायची नाही, हे दोघांनाही कळत होतं. घडलेलं कुणीतरी सांगायला हवं होतं. पण अंतर पाळा, अंतर पाळा म्हणून बाकीच्या बोटवाल्यांना रोज टोकणारे हेच दोघं. पाठीमागे ते बोटवाले ताईला फूटपट्टी म्हणायचे.

“मला नाही जमणार,” भाऊ म्हणाला. “सोलून काढतील.”

“तू बोटीवरच थांब. आज तिकडे एकही बोट जाणार नाही. माझा शब्द.”

ताईनं तोंडावर पाणी मारलं, चपला पायात सरकवल्या आणि बोटवाले बसायचे त्या चहाच्या टपरीकडे निघाली. भावाला मधे न आणता पहिलं वाक्य कसं म्हणायचं, ते मनाशी जुळवत.