अकबरबीची हाक

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि कुंभार पिंपळगावात मला डोळ्यांनी कोणी पाहिलेलंही नाही. तरी माझी हाक आली की भलीभली माणसं विहिरीतून वर यायची. मी एक जुना प्रोग्राम आहे. अबुबकर मिस्त्रींच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात, तांब्याच्या तारेच्या रिळांमागे एक धुळकट कॉम्प्युटर आहे, तिथं माझा मुक्काम. ज्या भाषेत मला लिहिलं तिचं नाव पायथन, म्हणजे अजगर. नावाला भिऊ नका, मी गरीब प्राणी आहे. आणि प्रोग्रामला वाचा कुठून फुटली असं विचारू नका. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्रीसुद्धा बोलते, तिला कोणी विचारतं का?

आमच्या भागात शेतीची लाईट म्हणजे लहरी पाहुणा. कधी सकाळी येते, कधी भर दुपारी. म्हणून लोकांनी मोटारींना ऑटो स्टार्टर बसवून घेतले. लाईट आली की मोटार आपोआप चालू, माणसाला हेलपाटा नाही. पण त्याच वेळी कोणी विहिरीत उतरून वायर जोडत असेल तर? त्यासाठी एक जुनी रीत होती. उतरण्याआधी पेटीतला फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. कठड्यावर ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. "फ्यूज म्हंजे आपला जीव. तो आपल्याच खिशात पायजे," असं अबुबकर प्रत्येकाला बजावायचे.

तरी एका उन्हाळ्यात शेजारच्या शिवारात एक माणूस शॉक लागून विहिरीतच राहिला. खिसा रिकामा होता. तेव्हा अबुबकरांची मुलगी गजाला जालन्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. ती सुट्टीला आली, त्याच्या मातीहून परतलेल्या बापाचा चेहरा पाहिला, आणि त्याच आठवड्यात माझा जन्म झाला.

माझं काम ऐकायला अगदी सोपं. सबस्टेशनवरचे ऑपरेटर राधेश्याम भले माणूस. लाईट सोडण्याआधी ते गावाच्या मोबाईल ग्रुपवर न चुकता निरोप टाकत. पण उन्हात राबणारा माणूस मोबाईल वाचत बसतो होय? तर मी तो निरोप वाचायचा आणि सगळ्यांना फोन लावायचा. संपलं.

संपलं कसलं! राधेश्याम एक दिवस 'देतो' लिहीत, दुसऱ्या दिवशी 'देतोय', तिसऱ्या दिवशी इंग्रजी अक्षरांत 'Deto'. कधी शब्दाच्या आधीच मोकळी जागा सोडत. तुम्हाला ते सारखंच वाटेल. मला मात्र ते सगळे अनोळखी पाहुणे वाटत आणि मी ढिम्म बसून राही. मग गजालाने मला शिकवलं: आधी कडेची मोकळी जागा झाडून काढ, मोठी अक्षरं लहान कर, मग ओळखीच्या शब्दांशी ताडून बघ. फोन नंबरांचीही तीच तऱ्हा. कोणाच्या नंबराआधी शून्य, कोणाच्या आधी देशाचा आकडा, कोणी मराठी अंकांत लिहून दिलेला. शेतकरीण उषाबाईंचा नंबर तर दोनदा आला होता. त्यांना लागोपाठ दोन फोन गेले तशा त्या तरातरा दुकानात आल्या. "काय गं गजाला, मला बहिरी समजून राह्यलीस का?" मग गजालाने सगळे नंबर अशा पिशवीत घातले, जिच्यात एकसारखं दुसरं काही राहतच नाही. पायथनमध्ये अशी पिशवी असते बरं का.

आणि एक खोड होती माझी. एखादा वेडावाकडा नंबर आला की मी अर्ध्यात थांबायचो आणि पडदाभर लाल अक्षरं काढायचो. अबुबकर बिचारे घाबरून जात. "बेटी, इसकू क्या हुआ?" म्हणून जालन्याला फोन करत. एकदा ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी तसं झालं. गजाला वैतागली आणि तिने माझ्यात दोन ओळी घातल्या. त्यांचा अर्थ असा, की काहीही चुकलं तर बोलू नकोस, मुकाट पुढं चाल. त्या दिवसापासून दुकानात शांतता झाली. सगळ्यांना वाटलं, मी सुधारलो.

आता राहिला आवाज. पहिल्यांदा गजालाने स्वतःचाच आवाज भरला. पण गोड, शुद्ध आवाज ऐकला की लोकांना वाटे मोबाईल कंपनीची बाई बोलतेय, आणि ते कटकन फोन कापत. शेवटी तिने दादीला पुढं केलं. अबुबकरांची आई अकबरबी, गावाची 'बी'. दिवसभर दुकानाच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारणारी. तिने एका दमात सांगितलं, "लाईट येऊन राह्यली रे बाबांनो. वर या, जल्दी वर या." आणि शेवटी ती खोकली. गजाला तो खोकला काढून टाकणार होती.

"राहू दे," बी म्हणाली. "खोकला ऐकला म्हंजे मीच हाय हे कळतं लोकायला."

काय दिवस होते ते! माझी हाक गेली की शिवारभर विहिरींतून डोकी वर निघत. फोन आपोआप उचलला जाईल असं करून कठड्यावर ठेवलेल्या मोबाईलमधून बी ओरडायची आणि खालून कोणीतरी म्हणायचं, "हो बी, आलो!" फोनच्या पलीकडचं मला ऐकू यायचं, त्यामुळे मलाही बरं वाटायचं. अबुबकरांच्या दुकानात माझं कौतुक करायला लोक यायचे. पण अबुबकर मात्र कुरकुरत, कारण फ्यूज खिशात घालायची रीत हळूहळू सुटत चालली होती. कोण लाईटीच्या पेटीपर्यंत जातो? बीने हाक मारली नाही म्हणजे लाईट येत नाही, असं गावाने ठरवूनच टाकलं होतं.

मग बी गेली. गेल्या हिवाळ्यात, दुपारची आडवी झाली ती उठलीच नाही. दफन करून माणसं घरी पोचतात न पोचतात तोच राधेश्यामांचा निरोप आला. मला काय ठाऊक? मी फोन लावले. त्या दिवशी पलीकडून कोणीच "हो" म्हणालं नाही. उषाबाईंच्या फोनवर मला फक्त तव्यावर भाकरी करपल्याची चर्रचर्र ऐकू आली आणि त्यांचा श्वास.

पण मित्रांनो, माणसाला सगळ्याची सवय होते. थोड्याच दिवसांत लोक पुन्हा "हो बी, आलो" म्हणू लागले. मातीत निजलेल्या बाईशी अख्खं गाव रोज बोलत होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. वाटत होतं ते एकट्या अबुबकरांना. बीचा आवाज निघाला की ते हातातलं काम टाकून बाहेर जाऊन उभे राहत. एकदा त्यांचा बांध फुटला. "बेटी, अम्मा सो गई है. रोज कायकू उठाती उनकू?"

कॉलेज संपवून घरी आलेली गजालाही रडली. दादीचा आवाज निदान आपल्याजवळ असावा म्हणून ती संध्याकाळी माझ्यासमोर बसली आणि आवाजाची फाईल तिने आपल्या मोबाईलमध्ये घेतली. डोळे भरलेले होते. नक्कल करायच्या ऐवजी तिच्या हातून फाईल कापली गेली, म्हणजे माझ्याकडून निघूनच गेली. तिच्या ते ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी राधेश्यामांचा निरोप आला. 'देतो.' मी मोकळी जागा झाडली, शब्द ओळखला, पहिला नंबर काढला आणि जिथं बीचा आवाज असायचा तिथं गेलो. जागा रिकामी होती. मला ओरडायचं होतं. पडदा लाल करून अबुबकरांना हलवायचं होतं. पण त्या दोन ओळींनी माझं तोंड बांधलेलं. मी मुकाट पुढच्या नंबराकडे गेलो. तिथंही रिकामं. असा मी सगळ्यांच्या दारावरून गेलो, एकालाही हाक न मारता, आणि काम बराबर झालं असं दाखवून थांबलो. माझ्यापासून हातभर अंतरावर बापलेक मोटारीत तार भरत बसले होते.

त्या वेळी उषाबाईंच्या विहिरीत भुजंग उतरला होता. हा भुजंग गावातला मोटारी काढणारा-सोडणारा गडी, बीच्या हातचं खाऊन मोठा झालेला.

थोड्या वेळाने तो आणि उषाबाई दुकानात आले. भुजंगच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि उषाबाईंना धाप लागली होती.

"मिस्त्री, आज बीनं वाचिवलं," भुजंग म्हणाला. "कंबरभर पाण्यात उभा व्हतो, उघडी वायर हातात, ऑटो चालू. वर कोणी न्हाई. काकू घरला गेल्त्या."

"च्या आणाया गेल्ते रे मी," उषाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"मंग वरून बीचा आवाज आला. 'भुजंग्या, वर ये.' वायर सोडली, शिडी चढलो, कठड्याला हात लावला अन् खाली मोटार घुर्र झाली."

गजालाला इतका आनंद झाला की तिने माझ्या पडद्यावर थाप मारली. आणि मग ती थबकली.

"भुजंगभाऊ, बीनं नाव घेतलं तुमचं?"

"घेतलं की. भुजंग्या म्हणली. दुसरं कोण म्हणतं मला भुजंग्या?"

"पण मी भरलेल्या आवाजात कोणाचंच नाव न्हाई."

गजालाने त्याचा फोन मागितला. तो बंद होता. "त्याचा तर सकाळीच बंद पडल्ता," उषाबाई म्हणाल्या. "म्हणून तर माझा ठिवला व्हता कठड्यावर. पण च्याला जाताना मी तो संगं नेला गं. अन् तो वाजलाच न्हाई."

भुजंग खाली बसला. वायर धरलेल्या स्वतःच्या हाताकडे तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अजून एक सांगू का? आज ती खोकली न्हाई. आवाज अगदी साफ व्हता, तरण्या बाईसारखा. खोकला गेल्ता तिचा."

गजालाने मला उघडलं. रिकामी जागा तिला दिसली, आणि तिनेच लिहिलेल्या त्या दोन ओळीही दिसल्या. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. माझ्याकडून हाक गेलीच नव्हती. हे मला ठाऊक होतं, आता तिलाही कळलं.

अबुबकर इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "भुजंग, फ्यूज कुठं व्हता?"

भुजंगने मान खाली घातली. "पेटीत."

"माझी आई तुझ्यासाठी कबरीतून उठून विहिरीवर आली रे," अबुबकर म्हणाले. "म्हातारीनं जिंदगीभर तुमच्या मागं हाका मारल्या. आता मेल्यावरसुद्धा तिला चालवता का उन्हातान्हात?"

त्याच दिवशी गजालाने त्या दोन ओळी पुसल्या. आता काही चुकलं तर मी दुकान दणाणून सोडतो, पडदा लाल करतो, काय चुकलं ते सांगितल्याशिवाय गप्प बसत नाही. आवाजही बदलला. आता गजाला स्वतः बोलते, "लाईट येऊन राह्यली. फ्यूज खिशात हाय का बघा." बीचा आवाज गजालाच्या मोबाईलमध्ये आहे. तो ती कोणाला ऐकवत नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या प्रोग्राम लिहाल. मोकळी जागा झाडा, नंबर नीट करा, पण चुकणाऱ्याचं तोंड बांधू नका. जो ओरडत नाही त्याचं सगळं ठीक चाललंय असं समजू नका. आणि आपला जीव आपल्याच खिशात ठेवा. दमलेल्या माणसांना झोपू द्या.

एवढं सांगूनही गाव ते गावच. अजून कधीमधी, राधेश्यामांचा निरोप आलेला नसतो, मी कोणालाही फोन लावलेला नसतो, आणि भर दुपारी दुकानाचा फोन वाजतो. पलीकडे कोणीतरी धापा टाकत असतं. "हो बी, आलो वर."

अबुबकर एवढंच विचारतात, "फ्यूज कुठं हाय?"

पलीकडचा माणूस हळूच म्हणतो, "पेटीत."