रामभाऊचं पान

अनुपच्या घरात 'थाप मारली' असं कुणी म्हणत नसे. 'रामभाऊचं पान आलं' म्हणत. पेपर सोपा गेला म्हटलं, रामभाऊचं पान. वजन कमी झालं म्हटलं, रामभाऊचं पान. रामभाऊ म्हणजे अनुपचे वडील, आणि हे सगळं ते समोर ताटावर बसलेले असताना चालायचं. तेही हसायचे. घरच्यांनीच थट्टा मांडल्यावर माणूस हसणार नाही तर काय करणार?

मूळ गोष्ट इंग्लंडमधली. रामभाऊ नागपूरहून वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून गेले. अनुप तिथंच जन्मला. तिकडच्या टीव्हीवर तेव्हा टेलिटेक्स्ट नावाचा प्रकार होता. रिमोटचं बटण दाबलं की चालू कार्यक्रम जायचा आणि काळ्या पडद्यावर ठोकळ्यांसारख्या रंगीत अक्षरांत बातम्या, हवामान, विमानांच्या वेळा अशी पानं यायची. त्यात एक पान मुलांच्या वाढदिवसाचं होतं. रामभाऊंनी चॅनलला पत्र टाकलं, आणि अनुपच्या पहिल्या वाढदिवसाला त्या पानावर मजकूर आला: हॅपी बर्थडे अनुप, जय भीम, मम अँड डॅड.

इंग्रजांच्या टीव्हीवर जय भीम! रामभाऊंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी लगोलग लंडनला धाकट्या भावाला, कुमारला, फोन लावला. कुमारनं तेच चॅनल लावलं, तेच पान काढलं. त्यावर भलत्याच मुलांची नावं. अनुप नाही, जय भीम नाही, काही नाही. "दादा," कुमार फोनवर खदाखदा हसत म्हणाला, "ते लोक छापतील होय जय भीम? काय घेतलंय का आज?" तेव्हापासून ते पान घराण्यात अजरामर झालं.

रामभाऊंनी त्या संध्याकाळी व्हिडिओ टेपवर टीव्ही रेकॉर्ड करून ठेवला होता. पण टेप लावून टेलिटेक्स्टचं बटण दाबलं तर नुसती मोडकी अक्षरं आणि चौकोन. कुमार पुन्हा हसला. रामभाऊंनी मात्र टेपवर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून तिचा प्लॅस्टिकचा दात मोडून टाकला आणि म्हणाले, "आहे यात. कधीतरी निघेल."

निघालं नाही. टेप वुल्व्हरहॅम्प्टनहून नागपूरला आली, कपाटात राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी रामभाऊ गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, अनुप बोलायला उभा राहिला. गंभीर बोलणं त्याला जमत नाही. त्यानं पानाचा किस्सा सांगितला, कुमारकाकांच्या हसण्याची नक्कल केली, आणि शेवटी म्हणाला, "बाबा कुठं असतील तिथं एखादं पान दाखवत असतील कुणालातरी." सगळा हॉल हसला. त्याची आई, रत्नाबाई, तेवढी हसली नाही. पांढऱ्या साडीचा पदर नीट करत बसली. अनुपनं ते पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं होतं.

मग आई त्याच्याकडे आली, अमेरिकेत नोव्हायला. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला अनुप इथं गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. बायको जागृती डेंटिस्ट. रत्नाबाईंच्या बॅगेत सहा-सात टेपा निघाल्या. इंग्लंडातली टेप अमेरिकेतल्या मशीनवर चालत नाही, म्हणून अनुपनं ऑफिसमधल्या एकाकडून दोन्हीकडच्या टेपा वाचणारं मशीन मागून आणलं आणि सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं. दात मोडलेल्या टेपमध्ये होतं काय, तर स्नूकरची मॅच, जाहिराती आणि मिडलँड्सचं हवामान. चित्राच्या वरच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची एक पट्टी सारखी वळवळत होती. अनुपला घाण सहन होत नाही. त्यानं ती पट्टी कापली, रंग सुधारले, आणि आईला दाखवलं. "बघ, किती क्लीन केलंय!"

"चांगलं झालं," आई म्हणाली. "बाकीच्या टाक हव्या तर. ही एक ठेव."

"ठेवतो ना."

आता हा पठ्ठ्या खरं तर शब्द पाळणारा आहे. पण गॅरेज भरलं होतं, पालिकेचा जुनी इलेक्ट्रॉनिक्स गोळा करायचा शनिवार आला, आणि सगळं क्लाउडवर असताना प्लॅस्टिक कशाला जपायचं, असं त्याला वाटलं. टेपांचा सगळा खोका गेला. महिन्याभरानं आईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गॅरेजमध्ये आहे, सेफ आहे." कुणाचं काय बिघडणार होतं?

बिघडलं ते गेल्या रविवारी.

त्याआधी त्यानं ते जुनं हवामान गंमत म्हणून इंटरनेटवर टाकलं होतं. त्यावर कीथ नावाच्या एका निवृत्त इंग्रज गृहस्थाचा निरोप आला. त्याला जुन्या टीव्हीचा नाद होता आणि या टेपबद्दल बोलायचं होतं. अनुपनं रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठेवला आणि आईलाही शेजारी बसवलं. तिला इंग्लंडच्या गप्पा आवडतील म्हणून. रत्नाबाईंनी केस विंचरले, स्वेटर बदलला. स्क्रीनवर कीथ आला, पांढऱ्या दाढीचा, मागे छतापर्यंत टेपा. तिचं इंग्रजी अजून खणखणीत होतं. दहा मिनिटं दोघांनी वुल्व्हरहॅम्प्टनचा बाजारच फिरून घेतला.

मग कीथ मुद्द्यावर आला. म्हणाला, ही टेप मिडलँड्सची आहे म्हणून मला तिचं मोल. आमच्याकडे चॅनलचं बटण एकच, पण त्या काळी त्या बटणामागे प्रत्येक भागाची कंपनी वेगळी. लंडनवाल्यांना वेगळ्या बातम्या, यॉर्कशरला वेगळ्या, मिडलँड्सला वेगळ्या. टेलिटेक्स्टची कितीतरी पानंसुद्धा भागाभागाप्रमाणे बदलायची.

"वाढदिवसाचं पानही?" रत्नाबाईंनी विचारलं.

"ते तर नक्कीच, मॅडम. लंडनच्या पानावर लंडनची मुलं, तुमच्याकडे तुमची. पान नंबर तोच, मजकूर निराळा."

अनुपच्या डोक्यात हिशोब जुळला. कुमारकाकांनी तेच चॅनल लावलं होतं, तेच पान काढलं होतं, फक्त लंडनमध्ये बसून. दोघेही खरं बोलत होते, आणि खोटा ठरला एकटा बाप! एवढं साधं उत्तर. टीव्हीच्या सिग्नलचं शिक्षण घेतलेल्या मुलानं ते कधी शोधलंच नाही, कारण थट्टा चांगली चालली होती.

कीथ पुढं सांगत होता. ती पानं चित्राच्या वरच्या अदृश्य रेघांमधून यायची आणि टेपवर चित्राबरोबर उमटायची, पण पुसट. म्हणून तेव्हा वाचता येत नसत. आता सॉफ्टवेअरनं पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्याच पानाच्या शेकडो पुसट प्रती एकावर एक ठेवून अक्षर न् अक्षर काढता येतं. "वरच्या कडेला कधी कधी पांढरे ठिपके वळवळताना दिसतात ना, तीच ती पानं. तुमच्या क्लिपमध्ये कड कापलेली दिसते. हरकत नाही. कॉपीतून तसंही निघत नाही, मला मूळ टेपच लागेल. आहे ना?"

"आहे, आहे," आई घाईनं म्हणाली. "गॅरेजमध्ये आहे. माझ्या मुलानं जपून ठेवलीये."

कीथनं अंगठा वर केला. अनुपनंही केला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्या उचललेल्या अंगठ्याला ठाऊक.

कॉल संपला. आई उठली आणि आत जाऊन बाबांचा करडा मफलर घेऊन आली. तो तिनं डायनिंग टेबलवर पसरला. "आण ती टेप. यात गुंडाळू, मग खोक्यात घालू. पोस्टवाले आपटतात रे सामान. सॅटर्डेला कुमारभाऊजींचा वाढदिवस आहे, तोवर निघेल का सगळं? नाही निघालं तरी चालेल. टेप आहे, एवढं आज सांगून तर ठेवू."

ती लहान मुलीसारखी खूश होती. अनुप गॅरेजमध्ये गेला.

तिथं काय शोधणार? बर्फ काढायचं फावडं, गाडीचे हिवाळी टायर, आणि खोका होता त्या जागी जागृतीचं योगा मॅट. तरी त्यानं दोन-तीन डबे उघडून पाहिले. खोटं बोलायला वाटा बक्कळ होत्या, आणि त्याच्या डोक्यानं त्या भराभर काढून दिल्या: बेसमेंटमध्ये पाणी शिरलं म्हणावं, कीथला पाठवली, पोस्टात हरवली म्हणावं, नाहीतर तशीच जुनी टेप विकत घेऊन धाडावी आणि त्यात काही निघालं नाही म्हणावं. हा शेवटचा विचार आला तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली. म्हणजे बाप पुन्हा खोटा ठरला असता, आणि या वेळी लेकाच्या हातानं.

तो आत आला तेव्हा आई मफलरच्या घड्या नीट करत होती. रिकाम्या हातांकडे पाहून म्हणाली, "काहून रे, सापडत नाही?"

"आई, मी ती टेप टाकून दिली."

"कुठं टाकली?"

"रीसायकलिंगला. सगळ्यांबरोबर. तू ठेव म्हणालीस, तरी. आणि नंतर तुला गॅरेजमध्ये आहे म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. आणि ते ठिपके... ते मीच कापले, आई. घाण वाटली मला."

रत्नाबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर त्याला जरा बरं वाटलं असतं. त्यांनी मफलरवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "भाऊजींना फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ताच. स्पीकरवर."

लंडनला दुपार होती. कुमारकाका जेवून आडवे झाले होते. अनुपनं सगळं सांगितलं, भागाभागाच्या कंपन्या, वेगळी पानं, पुसट रेघा. सांगताना त्याचा आवाज वर वर जात होता. काका ऐकत राहिले आणि मग तेच हसू आलं, तेच खदाखदा, ज्याची अनुप फार छान नक्कल करतो.

"अरे वा! मग टेप कुठंय?"

"टेप नाहीये, काका. मी चुकून फेकली."

"फेकली! बघा! बापाला दिसलेलं पान कुणाला दिसत नाही आणि पोराला मिळालेली टेप कुणाला मिळत नाही. शोभतोस रे रामभाऊचा!"

"काका, आय ॲम सिरियस. बाबा खरं बोलत होते."

"असेल बाबा, लंडनचं पान वेगळं असेल. पण त्यांच्याकडच्या पानावर जय भीम होतं, हे कशावरून?"

"मी सांगतोय ना!"

"तू सांगतोयस, म्हणजे रामभाऊचं पानच की," काका म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. चाळीस वर्षांचा हातखंडा विनोद होता, समोर आला, मारला. मग त्यांनी वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी केली, नोव्हायच्या थंडीची केली, आणि फोन ठेवला.

अनुपचे कान तापले होते. खरं बोलूनही समोरचा हसतो तेव्हा तोंडाचं काय करायचं, हे त्याला कळेना. आणि मग त्याला आठवलं की बाबा अशा वेळी काय करायचे. ते हसायचे. ताटातला घास तसाच हातात धरून, सगळ्यांचं हसून होईपर्यंत हसत राहायचे. आणि तो त्या पंक्तीत सगळ्यांत मोठ्यानं हसायचा, लाडका लेक म्हणून.

"मी बाबांच्या कार्यक्रमातसुद्धा..." तो म्हणाला.

"हो," आई म्हणाली. "मी होते तिथं."

अनुप तिच्यासमोर बसला. इतक्या वर्षांत जो त्याच्या डोक्यात कधी आला नाही तो प्रश्न त्यानं आता विचारला. "आई, तू पाहिलं होतंस ना ते पान? तू होतीस ना तेव्हा?"

"होते की. तू माझ्या मांडीवर होतास. होतं म्हणून मी सांगायची, तर तुम्ही म्हणायचे, आई तर बाबांचीच बाजू घेणार."

"आता सांग. मी मानीन."

रत्नाबाईंनी मफलर उचलला, त्याची बारीक घडी केली आणि ती मांडीवर ठेवली.

"आता तर मानावंच लागेल तुला," त्या म्हणाल्या. "दुसरं काही ठेवलंच कुठं आहेस?"