होड्यांकडे नेणारा दुवा

मित्रांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. घरातल्या सगळ्यांचा मिळून एक कॉम्प्युटर आहे. त्यात प्रत्येकाचं एक कुलूपबंद फोल्डर आणि मधे एक सामायिक. तिथे कोणीही यावं, काहीही हलवावं. त्या सामायिक फोल्डरात मी राहतो. मी एक जुना दुवा, म्हणजे लिंक आहे. माझ्या पोटात फक्त एक पत्ता असतो.

मला घडवलं घरातल्या छोटीने. नाव ठेवलं 'होड्या'. मला उघडलं, की तिच्या फोल्डरातली होड्यांची चित्रं समोर येत. मालक म्हणून माझ्यावर तिचं नाव लागलं आणि मी ते मिरवत राहिलो.

माझ्या शेजारी 'रद्दी' नावाचं फोल्डर होतं. आईने लिहिलेला प्रोग्राम रोज दुपारी येई आणि रद्दीत असेल ते पुसून टाकी. त्याच्याकडे सगळ्या कुलपांच्या किल्ल्या होत्या. एकदा दादाने खरी रद्दी बाजूला सारली आणि माझं नाव बदलून 'रद्दी' ठेवलं. छोटी जरा शोधत बसेल, एवढीच गंमत. पण नाव बदललं तरी माझा पत्ता तोच राहतो. प्रोग्राम आला, पाटी वाचून माझ्यातून आत शिरला आणि सगळ्या होड्या पुसून गेला. मला साधं 'थांब' म्हणता आलं नाही.

संध्याकाळी आईने तपासलं. माझा मालक कोण, तर छोटी.

"तूच नाव बदललंस आणि आता रडतेस?"

दादा शेजारीच नखं कुरतडत बसला होता. मालक म्हणून मिरवलेलं छोटीचं नावच मी तिच्याविरुद्ध साक्षीला दिलं. हे मला सर्वांत जास्त लागलं.

छोटीने डोळे पुसले. "आई, दारावरची पाटी कोणी बदलली, ते घरमालकाच्या नावावरून कसं कळणार?"

मग आईनेच कबूल केलं, की सामायिक फोल्डरात दुवा कुणाचाही असो, त्याचं नाव कोणीही बदलू शकतं. तिने दादाकडे पाहिलं.

"मला वाटलं, नुसतं नावच तर बदलतंय," तो पुटपुटला.

आईने त्या फोल्डरला नियम लावला: ज्याची वस्तू, त्यानेच हलवायची, त्यानेच तिचं नाव बदलायचं. प्रोग्रामलाही दुव्यातून आत शिरायची बंदी केली. चित्रं मात्र परत आली नाहीत. माझं नाव पुन्हा 'होड्या' झालं, पण मी बोट दाखवतो ते रिकाम्या जागेकडे. मित्रांनो, नुसत्या पाटीवर विसंबू नका. ती लावलेली जागाही सांभाळा.

दुसऱ्या दिवशी दादाने माझ्या शेजारी 'माफी' नावाचा एक नवा दुवा ठेवला. छोटीने तो लगेच उघडला नाही. आधी तो कुठे नेतो, ते पाहिलं.