वाघाचा डाव

“मी वाघ न्हाय होणार, आत्याबाई,” गुलाब पुटपुटली.

“मग काय कोंबडी होणार?” मथुराबाईनं कवड्या सुनेपुढं आदळल्या. “नवख्यानं वाघच घ्यावा. शेळ्या राखायला डोकं लागतं, वाघाला निस्तं तोंड.”

येडशीच्या रस्त्यावर खडी फोडायचं दुष्काळी काम चाललं होतं. दुपारच्या सुट्टीत बाया सपाट दगडावर कोळशानं पट आखत. शेजारी खडी फोडणारी सरदारबी म्हणाली होती, पोरीला आधी सारीपाट शिकवा. मथुराबाईनं ते उडवून लावलं. “त्यात सोंगट्या पळत्यात अन् माणूस मुकं. हिला आणिक मुकी करू व्हय?”

त्यांच्या वाघबकरीची रीत न्यारी होती. ज्याची सोंगटी, त्यानं तिचं सोंग घ्यायचं. काय करणार ते मोठ्यानं बोलायचं, मग कवड्या टाकायच्या. उताण्या जास्त पडल्या की बोललेलं खरं.

मथुराबाईला सुनेच्या तोंडून एकदा आवाज काढायचा होता. तिचा लेक पिराजी पिऊन आला की गुलाबला गुरासारखा मारी आणि ही हूं की चूं करत नसे. अशीच एक दिवस मरून जाईल, या धास्तीनं म्हातारीचा डोळा लागत नव्हता. साऱ्या गावाला सोलणारी तिची जीभ लेकापुढं मात्र टाळ्याला चिकटे.

“बोल की, वाघा!”

“बसते.”

“बसाया काय सोयरिकीला आलाय वाघ?”

सरदारबी फिस्सकन हसली. गुलाबही हसली. “शेळीचं नरडं धरते,” ती म्हणाली. कवड्या उताण्या पडल्या.

तेवढ्यात पिराजी झोकांड्या खात आला. “खेळ मांडलाय व्हय गं?” त्यानं पट लाथाडला, गुलाबचे केस धरून तिला खडीवरून फरफटवलं. तिचं कपाळ फुटलं.

“सोड तिला, मुडद्या!” मथुराबाई ओरडली. लेकावर, आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं आईलाही ढकललं. ती खडीच्या ढिगावर आपटली.

गुलाब उठली. हातात खडी फोडायचा हातोडा होता.

“गुडघा फोडते,” ती मोठ्यानं म्हणाली.

सरदारबी धावली. मथुराबाईनं तिचा पदर घट्ट धरला. “मधी पडू नगंस.”

हाड मोडल्याचा आवाज झाला. हातोडा पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मग गुलाबनं तो आपणच टाकून दिला.

मुकादम पळत आला. “कुणी मारलं?”

“आये, सांग की!” पिराजी रक्तात लोळत किंचाळला.

“कोण मारतंय त्याला? पिऊन ढिगावरनं पडला,” मथुराबाई म्हणाली. “बघत काय उभं ऱ्हायलात, मुकादम? बाजलं आणा.”

सरदारबीनं मान डोलावली. बाकीच्या बायांनीही.

मथुराबाईनं खाली बसून लेकाचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं त्याचा घाम टिपला. तो तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. ती रस्त्याकडं बघत राहिली, बाजलं येणार होतं तिकडं.