नावातली पाणीवाट

मी एक जुनी सागवानी फळी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. आपली कहाणी सांगताना वस्तूंनी गळा भरून बोलावं अशी रीत आहे खरी, पण ती मला जमणार नाही.

चांदा जिल्ह्याच्या रानात मी चांगली ताठ उभी होते. मला तोडलं, बैलगाडीत घातलं आणि सावली गावाच्या वाटेवरच्या एका ठेकेदाराच्या लाकूड डेपोत आणून टाकलं. तिथे लाम तिन नावाचा चिनी सुतार होता. लढाईच्या काळात पलटणीच्या सुतारकामाला तो कलकत्त्याहून इकडे आला. लढाई संपली, पलटण गेली, हा राहिला. डेपोत ओंडक्यांची साल काढायला येणाऱ्या सोमारीशी त्याने लग्न केलं. गावाने थोडे दिवस नाकं मुरडली आणि मग दारं-चौकटी त्याच्याकडूनच करून घेतल्या. गाव असंच असतं.

लामने मला निवडलं तेव्हा मी चार बोटं जाड होते. वाटलं, आता मी एखाद्या देवघराचं दार होणार. कसलं काय! त्याने मला बायकोची पाटी केलं.

त्याचं कारण साधं होतं. लामच्या प्रत्येक हत्याराच्या मुठीवर त्याचं नाव कोरलेलं होतं. त्याच्या मुलखातल्या सुतारांत म्हणे नियमच होता, की मालकामागे ज्याला ते नाव कोरता येईल, त्याची ती हत्यारं. लामला खोकल्याने धरलं होतं. सोमारीला तो रंधा मारायला, पटाशी धरायला शिकवत होता, पण हत्यारंच हातची गेली तर तिला पुन्हा उन्हात साल काढत बसावं लागणार. म्हणून डेपोची सुटीची घंटा झाली की दोघं माझ्यापाशी बसत.

सोमारीला आपली बाराखडीही येत नव्हती आणि शिकायचं काय, तर चिनी! आज कोरलेलं उद्या विसरायची. मग लाम म्हणायचा, "डोक्याले नोको विचारू. हाताले विचार." तो तिचा हात धरून हवेत रेघा ओढायचा. हळूहळू तिने आपल्या युक्त्या काढल्या. नावातलं पहिलं अक्षर म्हणजे शेजारी उभी दोन झाडं, म्हणजे रान. दुसरं म्हणजे शेत, चौकोनात एक उभी आणि एक आडवी रेघ.

"अव्वा! ह्या त चार बांध्या होय," सोमारी म्हणाली. "धानाच्या." बांधी म्हणजे बांध घातलेलं भाताचं खाचर.

रान आणि धान! तिला ते नाव आपल्याच गावचं वाटलं, आणि त्या दिवसापासून ती ते विसरली नाही.

पण एक खोड राहिली. लाम शिकवायचा, आधी घरात जा, मग दार लाव. म्हणजे आतल्या रेघा आधी, तळाची आडवी रेघ शेवटी. सोमारी ती शेवटची रेघ ओढायची आणि कोपऱ्यापाशी थोडी जागा मोकळी सोडायची.

"फट काऊन ठेवली?" लाम ओरडायचा. "बंद कर!"

"मंग पाणी कुठून जाईल? वरच्या बांधीतलं खालच्या बांधीत उतराले वाट नोको? धान सडून जाईल ना!"

"हे अक्षर होय, बांधी नाई!"

"तुमीच म्हनले ना, शेत होय म्हनून?"

मग लाम रागाने रंधा उचलायचा आणि तिचं कोरलेलं साफ करून टाकायचा. मित्रांनो, चूक तिची, हट्ट त्याचा आणि कातडी सोलली जायची माझी! माझ्या कुरळ्या पट्ट्या चुलीत जायच्या. चार बोटांची मी बोटभर उरले, पण ती फट काही बुजली नाही.

मग एका सकाळी डेपोतली ओंडक्यांची रास घसरली आणि लाम तिच्याखाली सापडला. खाली अडसर लावला नव्हता. तो लावायचं काम कुणाचं होतं, ते कुणीच बोललं नाही.

त्याला माती देऊन सोमारी परतली, तर डेपोचा मुनीम डोमाजी हत्यारांची पेटी उचलायला माणसं घेऊन उभा.

"हत्यारं डेपोची होय," तो म्हणाला.

"त्यायवर मालकाचं नाव हाय."

"हे नाव होय? मले त कावळ्याचे पाय दिसून राह्यले. बरं, तूच कोरून दाखव. जुळलं त ने."

सगळ्यांदेखत सोमारीने मला मांडीवर घेतलं. दोन्ही झाडं नीट आली. चार बांध्या आल्या. शेवटच्या रेघेला तिचा हात सवयीप्रमाणे कोपऱ्याशी थांबला. मी ओरडत होते, "बंद कर गं!" पण लाकडाचं कोण ऐकतं?

मुनीमाने पटाशीची मूठ शेजारी धरली. "इथी बंद, इथी उघडं. जुळत नाई." पेटीला कुलूप लागलं.

एवढ्यात लटारू, लामबरोबर करवत ओढणारा, धावत आला. लाम ज्या बाकावर काम करायचा त्याच्याखाली गोणपाटात गुंडाळलेला एक नवा रंधा त्याला सापडला होता. बाईच्या पंजात बसेल एवढीच त्याची मूठ होती. लटारूने तो उलटा केला. पोटावर नाव होतं. दोन झाडं, चार बांध्या आणि तळाच्या कोपऱ्याशी पाण्याला वाट.

लामनेच कोरलं होतं ते. फट ठेवून.

"पाहा मुनीमजी," लटारू म्हणाला, "आता जुळते का नाई?"

मुनीम वरमला, पण बदलला नाही. "हा एकच ने," म्हणाला. बाकी सगळी पेटी त्याने ठेवून घेतली. भोवती एवढे बाप्ये उभे होते, लटारू सोडून एकाचंही तोंड उघडलं नाही. त्यांच्या घरांच्या चौकटी लामनेच बसवल्या होत्या!

पण खरं सांगू? माझा सगळ्यात मोठा राग लामवर आहे. कोरायला तुझा हात धजला, मग सांगायला जीभ का नाही रे वळली? "सोमारी, तुझंही बरोबर आहे," एवढं म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? मित्रांनो, कुणाचं काही पटलं तर ते त्याच्या तोंडावर सांगा. गोणपाटात गुंडाळून ठेवू नका.

आता त्या एका रंध्यावर सोमारी पोट भरते. मी तिच्या भिंतीला आहे. परवा कुणी म्हणालं, हिला गुळगुळीत करून पाट कर, तर तिने त्याला अंगणाबाहेर काढलं. तुम्हीही कुठे अशी न कळणारी रेघ पाहिलीत, तर तिच्यावर रंधा फिरवायची घाई करू नका.

दिवाळीला ती मला जवसाचं तेल पाजते. तेल आधी झाडांत भरतं, मग बांध्यांत, आणि कोपऱ्यातल्या फटीतून हळूच खाली उतरतं. मग सोमारी हातातल्या रंध्याकडे पाहते आणि अजून भांडण चालू असल्यासारखी फणकारते.

"पाहा, उतरलं का नाई पाणी?"